मुंबईत समुद्राकाठी आणि टेकड्यांवर धावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक मला धावण्याबद्दल विचारत आले आहेत. कोणी नुकतेच बूट घेतलेले असतात, कोणाला गुडघ्याची भीती असते, कोणाला अर्धमॅरेथॉनचा चढ खुपत असतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहे. सुरुवातीची उत्तरं अगदी नवशिक्यांसाठी आहेत, अडचणीची आणि अपवादाची प्रकरणं पुढे येतील. मुंबईत रस्ता निवडताना "किती किलोमीटर" यापेक्षा "किती वाजता आणि कोणत्या महिन्यात" हे आधी ठरवावं लागतं, आणि बहुतेक उत्तरं त्याच्याभोवती फिरतात.

१. मी शाळेनंतर कधी धावलेलोच नाही. पहिल्या दिवशी कुठे जाऊ?

दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती जा. समुद्र तिथून दोन मिनिटांवर आहे, पण पहिल्या दिवशी समुद्राची नाही, सपाट फेरीची गरज असते. कट्ट्याबाहेरची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. झाडांची सावली आहे, बसायला कट्टा आहे, आणि दम लागला की थांबणारे तुम्ही एकटे नसता. एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं करा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की चाला. असे तीन-चार आठवडे झाले की मरीन ड्राइव्हला या.

२. मरीन ड्राइव्ह एकूण किती किलोमीटर आहे आणि सुरुवात कुठून करावी?

नरिमन पॉइंटला एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्राच्या टोकापासून गिरगाव चौपाटी पार करून वाळकेश्वरच्या पायथ्यापर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर. जाऊन-येऊन सात. चर्चगेट स्टेशनवरून सरळ समुद्राकडे चालत आलात की तुम्ही जवळजवळ नरिमन पॉइंटच्या बाजूला असता. आधी डावीकडे एनसीपीएपर्यंत जाऊन वळा, मग उजवीकडे चौपाटीच्या दिशेने निघा. म्हणजे उरलेलं अंतर कुठेही तोडता येतं आणि स्टेशन फार लांब पडत नाही.

नवशिक्यांसाठी ही जागा एका गोष्टीमुळे फार चांगली आहे: समुद्राकडच्या पदपथाला मध्ये कुठे रस्ता ओलांडावा लागत नाही. सिग्नलला थांबणं नाही, गाडीची धास्ती नाही. दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि इमारती पूर्वेला आहेत, त्यामुळे सूर्य उगवल्यावरही बराच वेळ पदपथावर त्यांची सावली पडते. संध्याकाळी नेमकं उलटं होतं, ऊन सरळ डोळ्यांत येतं.

उणी बाजू म्हणजे जमीन कठीण आहे. रोज इथेच धावलात तर नडग्या बोलू लागतात. आठवड्यातून एक-दोन दिवस मातीवर किंवा ट्रॅकवर घालवा. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कमध्ये समुद्राला लागून सिंथेटिक ट्रॅक आहे, तिथे पायांना आराम मिळतो.

३. किनारी रस्त्यालगतचा नवा पदपथ धावायला कसा आहे?

ऐसपैस आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्याचे दोन तुकडे लोकांसाठी खुले झाले: प्रियदर्शिनी पार्क ते हाजी अली आणि बडोदा पॅलेस ते वरळी. दोन्ही मिळून सव्वापाच किलोमीटर. भुलाभाई देसाई रोड, हाजी अली आणि वरळीच्या बाजूने भुयारी पादचारी मार्गांनी तिथे पोहोचता येतं. गाड्यांचा रस्ता ओलांडून जायचा प्रयत्न कोणीही करू नये, तिथे गाड्या महामार्गासारख्या सुटलेल्या असतात.

एकच गोष्ट सांभाळा. इमारती लांब असल्यामुळे मरीन ड्राइव्हसारखी सकाळची सावली इथे मिळत नाही. मार्चपासून पुढे सातच्या आत आटोपा, आणि पाणी बरोबर ठेवा.

४. मी वांद्र्याला राहते. रोज दक्षिण मुंबईत येणं शक्य नाही. जवळ काय आहे?

तुमच्याकडे उलट जास्त चांगली सोय आहे, कारण समुद्र आणि टेकडी शेजारी शेजारी आहेत. कार्टर रोडचा पदपथ आणि बँडस्टँडचा पदपथ, दोन्ही सव्वा किलोमीटरच्या आसपास. सपाट दिवस असेल तर कार्टर रोडवर येरझाऱ्या घाला. थोडी चढाई हवी असेल तर बँडस्टँडवरून माउंट मेरीच्या चर्चपर्यंत वर जा, पलीकडे उतरा, आणि पाली हिलच्या गल्ल्यांमधून कार्टर रोडला या. चढ लहान आहेत पण एकापाठोपाठ येतात. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेचा आठवडा असतो, त्या दिवसांत या बाजूला गर्दीमुळे धावता येत नाही.

५. चढाचा सराव पहिल्यांदा करायचा आहे. मलबार हिल फार अवघड आहे का?

अवघड नाही, पण घाईने गेलात तर ती तुम्हाला अर्ध्यातच थांबवते. माझी आवडती फेरी सांगतो. गिरगाव चौपाटीपासून निघायचं, वाळकेश्वर रोडने तीन बत्तीपर्यंत चढायचं. तिथून राजभवनाच्या दिशेला रस्ता आपल्यासाठी संपतो, म्हणून उजवीकडे वळून बाळ गंगाधर खेर मार्गाने हँगिंग गार्डनकडे जायचं. पुढे केम्प्स कॉर्नरच्या बाजूने उतरून पुन्हा चौपाटी. पाच किलोमीटरच्या जवळपास होतात.

पहिला चढ वळणावळणाचा आणि सौम्य आहे, म्हणून याच दिशेने जा. उलट्या दिशेने केम्प्स कॉर्नरकडून चढलात तर सुरुवातीलाच पोटऱ्या भरून येतात. वर पोहोचल्यावर कमला नेहरू पार्कच्या बाजूने मरीन ड्राइव्हची सगळी कमान एकदम दिसते. तिथे थांबायला लाजू नका. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली शहराला पाणी देणारा जलाशय आहे आणि बाग १८८१ साली त्याच्या छतावर केली आहे, हे माहीत झाल्यापासून मला तिथल्या सपाट जमिनीचं कोडं उलगडलं. एवढ्या टेकडीच्या माथ्यावर इतकी सपाट जागा आपोआप नसते.

ज्यांना रस्त्यावरच्या गाड्या नको असतात त्यांच्यासाठी चौपाटीच्या बाजूने वर चढणारी सिरी रोडची पायवाट आहे. ती धावायची नाही, दमदार पावलांनी चढायची. टेकडीवर २०२५मध्ये झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्गही झाला आहे. तो मात्र निवांत पाहण्यासाठीच ठेवा, तिथे धावणं इतरांना त्रासाचं होतं.

पावसाळ्यात या उताराला जपून असा. २०२०च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीत खेर मार्गाच्या बाजूची दरड कोसळली होती. मुसळधार पावसाच्या दिवशी ही फेरी सोडूनच द्या.

६. चढावर मला धाप लागते आणि उतारावर गुडघे दुखतात. काय चुकतंय?

बहुतेकदा दोन्हीचं कारण एकच असतं: सपाटीवरची लय चढ-उतारावरही टिकवायचा हट्ट. चढावर वेग सारखा ठेवायचा नसतो, श्वास सारखा ठेवायचा असतो. पाऊल आखूड करा, हात थोडे जास्त हलवा, कंबरेतून न वाकता घोट्यातून किंचित पुढे झुका. नजर माथ्यावर नको, दहा-पंधरा फुटांवर असू दे. चालणाऱ्याच्या बरोबरीने चाललात तरी हरकत नाही.

उतारावर लोक टाच आपटून ब्रेक लावतात, तो सगळा मार गुडघ्याच्या वाटीखाली जातो. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नका, छोटी आणि भराभर पावलं टाका. पहिले सहा-आठ आठवडे तर मी सरळ सांगतो, चढा धावत आणि उतरा चालत. जिना उतरतानाही दुखत असेल, किंवा गुडघ्याला सूज असेल, तर रस्ता बदलून उपयोग नाही, तपासून घ्या.

७. वाळूत अनवाणी धावणं पायांना चांगलं म्हणतात. खरं आहे का?

चांगलं आहे, पण औषधासारखं, मात्रेत. कोरड्या भुसभुशीत वाळूत तेवढ्याच अंतराला सुमारे दीडपट ताकद लागते. पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. म्हणून पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे, तीही ओल्या, घट्ट वाळूवर.

जुहूचा किनारा वर्सोव्याच्या दिशेने सलग काही किलोमीटर मिळतो, तो यासाठी छान आहे. मात्र किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने लांबवर गेलात तर एक पाय सतत खाली आणि एक वर पडतो. मी एकदा जुहूला भान न ठेवता एका दमात लांब गेलो आणि रिक्षाने परतलो. पुढचे दहा दिवस गुडघ्याची बाहेरची बाजू जिना चढू देईना. तेव्हापासून दर पाच मिनिटांनी वळतो. वाळूत काच, हूक, मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे असतात, त्यामुळे गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आणि पावसाळ्यात अनवाणी अजिबात नको. किनारा कधी रुंद मिळेल हे पुढच्या प्रश्नात आहे.

८. किनाऱ्यावर गेलो तर कधी मैदानासारखी वाळू असते, कधी पाणी पायऱ्यांपर्यंत. आधी कसं कळेल?

घरात भिंतीवर दिनदर्शिका असेल तर कळेल. कोकणपट्टीतले लोक पिढ्यानपिढ्या वापरतात तो हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हा हिशोब चालतो. अर्धा-पाऊण तास, कधी तासभर इकडेतिकडे होतं, पण धावायला जाणाऱ्याला एवढं पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेच या हिशोबाचं मूळ आहे.

आता यातून धावणाऱ्याला काय मिळतं ते पाहा. अमावास्येला, पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन तिथींना भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे पहाटे सहाला पूर्ण ओहोटी. त्यातून हे उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जातं. पौर्णिमेच्या पहाटे जुहूला किंवा दादर चौपाटीला जी ओली, घट्ट, रुंद वाळू मिळते तशी महिन्यात फार थोड्या वेळा मिळते. उलट सप्तमी-अष्टमी-नवमीला पहाटे सहाच्या सुमारास पाणी वर असतं. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस असल्यामुळे ते उधाणाइतकं चढत नाही, पण घट्ट वाळूची पट्टी झाकली जाते. त्या दिवशी सरळ पदपथावर जा.

उधाणाच्या दिवशी पाणी जितकं मागे जातं तितक्याच वेगाने परत येतं. खडकांच्या कडेने किंवा खाडीच्या तोंडाशी धावत असाल तर परतीची वाट आधी बघून ठेवा. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर दरवर्षी माणसं बुडतात. तिथे पाण्याच्या रेषेजवळ धावू नका.

९. सकाळ बरी की संध्याकाळ? समुद्रावरची हवा सकाळी शुद्ध असते ना?

याचं उत्तर लोकांना आवडत नाही, पण ते माहीत असलं पाहिजे. हिवाळ्याच्या पहाटे वारा समुद्रावरून शहराकडे येत नाही. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, म्हणून मंद वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि शहराची धूळ-धूर घेऊन किनाऱ्यावर येतो. त्यात थंडीमुळे हवा खालीच अडकून बसते. डिसेंबर-जानेवारीत मरीन ड्राइव्हवरून मलबार हिल धुरकट दिसते ती याच कारणाने. समुद्रावरून येणारा खारा वारा सकाळ बरीच वर आल्यावर सुरू होतो आणि दुपारी-संध्याकाळी जोर धरतो.

म्हणून मी ऋतूप्रमाणे वेळ बदलतो. मार्च ते मे, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, पहाटे. ऊन लागू नये हाच तेव्हा मोठा मुद्दा असतो. डिसेंबर-जानेवारीत समोरची टेकडी स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी वेगाचा सराव नाही, हळू धावणं किंवा संध्याकाळी जाणं. दमा असणाऱ्यांनी हवेचा निर्देशांक पाहूनच बाहेर पडावं आणि आपला पंप खिशात ठेवावा.

मुंबईतली आर्द्रता हा वेगळाच विषय आहे. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. पुण्याहून किंवा नाशिकहून येणारे धावपटू घरच्या वेगाने निघतात आणि चौथ्या किलोमीटरला कोसळतात. किलोमीटरमागे अर्धा मिनिट सोडून द्या.

१०. पावसाळ्यात धावायचं बंद करावं का?

नाही. जून ते सप्टेंबर हा मुंबईत धावण्याचा सगळ्यात सुंदर काळ आहे असं मी मनापासून म्हणतो. पण रस्ते बदलावे लागतात.

साडेचार मीटरपेक्षा उंच भरती असते त्या दिवसांची यादी महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. त्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्याजवळ, वरळी सी फेसवर, बँडस्टँडच्या खडकांवर जायचं नाही. लाट कठड्यावरून येते तेव्हा ती फक्त पाणी आणत नाही, दगड आणि कचराही आणते. चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर तर कोणत्याच ऋतूत उतरू नका. ते शेवाळाने गुळगुळीत असतात आणि त्यांच्या फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणं फार कठीण जातं.

दुसरी भीती साचलेल्या पाण्याची. पायाला जखम असताना अशा पाण्यातून गेलात तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पाण्यातून जावंच लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. ताप येण्याची वाट पाहू नका.

पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूवर निळसर फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात. मेलेले वाटले तरी त्यांचे धागे डसतात. डसलाच तर चोळू नका, समुद्राच्या पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा. श्वास जड झाला तर लगेच दवाखाना.

११. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत धावता येतं का? बिबट्याचं काय?

येतं, आणि शहरातल्या कुठल्याच रस्त्याला त्याची सर नाही. मुख्य दरवाज्यापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटर. सुरुवात सपाट, मग हळूहळू चढ, शेवटचा टप्पा खरा चढाचा. जाऊन-येऊन अर्धमॅरेथॉनची तयारी करणाऱ्याचा एक चांगला लाँग रन होतो. एवढं झेपत नसेल त्यांनी दरवाज्याजवळच्या गांधी टेकडीवर दोन-तीन वेळा चढ-उतार करावा. चढाच्या सरावासाठी तेवढी टेकडी भरपूर आहे. सोमवारी उद्यान बंद असतं. सकाळच्या फेरीच्या वेळा आणि पास दरवाज्यावर विचारून घ्या. तुळशी आणि विहार तलावांकडे परवानगीशिवाय जाता येत नाही.

बिबटे आहेत. हे जंगल जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि ते त्यांचं घर आहे. म्हणून अंधारात जाऊ नका, एकटे जाऊ नका, कानात काही घालू नका, आणि लहान मुलांना पुढे पळू देऊ नका. दिसलाच तर पळायचं नाही. उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, आवाज करत त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. वाकून किंवा बसून बुटाची लेस बांधायची असेल तर ती मोकळ्या रस्त्यावर, बरोबरच्या माणसाजवळ बांधा. आणि माकडांसमोर केळं काढू नका, हा त्रास बिबट्यापेक्षा रोजचा आहे.

१२. ठाणे आणि नवी मुंबईकरांनी काय करावं?

ठाण्यात उपवन तलावाभोवती सपाट फेरी आणि तिथून वर येऊरचा घाटवळणांचा चढ. येऊर हे त्याच राष्ट्रीय उद्यानाचं अंग आहे, त्यामुळे बिबट्याचे नियम तेच (प्रश्न ११). नवी मुंबईत खारघरच्या टेकडीवर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा रस्ता चढाईसाठी फार चांगला. पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूला प्रवेशबंदी असते, ती मोडू नका. पाम बीच रोड दिसतो छान, पण गाड्यांच्या वेगामुळे मी कोणालाही तिथे पाठवत नाही.

१३. धावण्यापूर्वी काय खावं आणि पाणी किती प्यावं?

पाऊण तासाच्या आत आटपणार असाल तर एखादं केळं किंवा दोन खजूर आणि अर्धा पेला पाणी पुरे. त्याहून लांब असेल तर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-चार घोट. उन्हाळ्यात नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठ जातं आणि त्यावर केवळ पाणी पीत राहिलं की डोकं दुखतं, मळमळतं, फार झालं तर भोवळ येते. लिंबू सरबतात मीठ-साखर, परतल्यावर ताक किंवा कोकम सरबत, हे आपल्याकडचे उपाय खरोखर काम करतात. बेताने घाम येणाऱ्यांसाठी नारळपाणी चांगलं, पण त्यात मीठ कमी असतं, म्हणून मे महिन्यात त्याच्यासोबत पोहे-उपमा असं काही खारट खा.

१४. मी एकटी बाई पहाटे साडेपाचला जाऊ शकते का?

मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क आणि कार्टर रोडवर पहाटे बायका एकट्या धावताना रोज दिसतात. माणसांची वर्दळ हीच तिथली सुरक्षितता. मलबार हिलची मागची वळणं, सिरी रोड, येऊर, खारघर या जागी उजाडल्यावर आणि सोबतीनेच जा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमारास. म्हणजे जूनमधली तुमची नेहमीची वेळ जानेवारीत पूर्ण अंधारात येते, हे लक्षात ठेवून वेळ बदला. घरी रस्ता सांगून निघा, फोनवर ११२ पटकन लागेल असा ठेवा. स्वच्छतागृह उघडं आहे का ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या. यात काही संकोच नको, लांब धावणाऱ्या प्रत्येकीला हा प्रश्न पडतो.

१५. भटकी कुत्री मागे लागतात.

थांबा. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव आहे. हात अंगाशी, नजरेला नजर नाही, हळू चालत बाजूला व्हा. चावा किंवा ओरखडा झाला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. लहान ओरखडा म्हणून सोडू नका.

१६. आईला ६४ वर्षं झाली, मधुमेह आहे. तिला धावायचं आहे. पाठवू का?

पाठवा, पण आधी डॉक्टरांकडे. हृदयाची तपासणी झाल्यावर सपाट रस्त्यावर वेगाने चालण्यापासून सुरुवात करा. मरीन ड्राइव्हचा कठडा इथे उपयोगी पडतो, कुठेही बसता येतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी जाऊ देऊ नका, आणि खिशात साखर किंवा लिमलेटच्या गोळ्या असू द्या. हातपाय थरथरले, घाम थंड आला की थांबून गोड खायचं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, म्हणून वाळूत अनवाणी धावणं (प्रश्न ७) त्यांच्यासाठी नाहीच, आणि घरी आल्यावर रोज तळवे पाहायचे. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणं, विचित्र दम यांपैकी काही झालं तर "थोडं बसून बघू" असं म्हणू नका, १०८ लावा.

१७. माझा मित्र पाहू शकत नाही. त्याला घेऊन कुठे धावू?

मरीन ड्राइव्हच्या समुद्राकडच्या पदपथावर, कारण मध्ये रस्ता ओलांडायचा नाही. दोघांनी एक आखूड मऊ दोरी हातात धरायची, हात एकाच लयीत हलवायचे. तुम्ही कठड्याच्या बाजूला नको, वर्दळीच्या बाजूला राहा. "खड्डा", "पायरी", "डावीकडे" असे शब्द आधी ठरवा आणि तीन पावलं आधी म्हणा. रविवारी सात-आठनंतर सायकली आणि लहान मुलं वाढतात, त्याच्या आधी आटोपा. त्याला फक्त अडथळे सांगू नका. बोटी किती लांब आहेत, पाणी कोणत्या रंगाचं आहे, तेही सांगा. मी ज्यांच्याबरोबर धावलो आहे त्यांनी हे दरवेळी विचारलं आहे.

१८. वरळी-वांद्रे सागरी सेतूवर धावायचं आहे. पहाटे गाड्या नसताना चालेल का?

नाही. २००९ साली सुरू झाल्यापासून सेतूवर पायी जायला बंदी आहे, वेळ कोणतीही असो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी मात्र तो धावपटूंना मिळतो. त्या सकाळी सेतूवरून शहर पाहण्यासाठी माणसं वर्षभर सराव करतात.

१९. मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ सगळ्यांना रडवतो म्हणतात. त्याची तयारी कशी करू?

चढ मोठा नाही. तो उशिरा येतो, पाय संपलेले असताना, ऊन वर आलेलं असताना, हेच त्याचं दुखणं. म्हणून ताज्या पायांनी त्याचा सराव करून फार उपयोग होत नाही. हाजी अलीपासून सुरू करून वरळी सी फेसवर तुमचं नेहमीचं लांब अंतर आधी पूर्ण करा, आणि शेवटी हाजी अलीहून पेडर रोड चढून केम्प्स कॉर्नरला उतरा. महिन्यातून दोनदा पुरे. रविवारी पहाटे करा, एरवी तिथे वाहनं फार. चढायची पद्धत प्रश्न ६ मध्ये आहे.

२०. सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात जातोय. तिथे सराव तुटू नये म्हणून?

तुटणार नाही, उलट मन भरेल. गुहागरचा किनारा लांब आणि जवळजवळ सरळ आहे, कडेला सुरूची बनं. दापोलीकडे मुरुड आणि आंजर्ले. रत्नागिरीत भाट्ये किनारा वाळूसाठी आणि रत्नदुर्गाचा रस्ता चढासाठी. तिथीचा हिशोब (प्रश्न ८) तिथेही चालतो. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट माथ्यावर धावणं हा वेगळा आनंद आहे, पण जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा तिथे चालायचं. गोव्यात पणजीला मुक्काम असेल तर मिरामारहून दोना पावलाकडे सपाट, आणि आल्तिनोची टेकडी चढासाठी, एकाच सकाळी दोन्ही होतात.

२१. मुंबईत एकच सकाळ आहे. एकच धाव घेता येईल. कोणती?

पहाटेची पहिली लोकल पकडून चर्चगेटला उतरा. एनसीपीएला जाऊन वळा आणि चौपाटीपर्यंत हळू धावा. दम असेल तर तीन बत्तीवरून हँगिंग गार्डनला चढा (प्रश्न ५), नसेल तर चौपाटीच्या वाळूत बूट काढून दहा मिनिटं चाला. परतीला गिरगावात शिरून गरम पोहे किंवा मिसळ खा आणि दहाच्या आत स्टेशन गाठा, रविवार असेल तर त्यानंतर मेगाब्लॉक सुरू होतो.